गवताचं विरजण

दाजी, तुमची चूल पेटत नाही.

तुम्ही गेल्याला आज तेवीस दिवस झाले, त्यातले शेवटचे सतरा दिवस मी ती पेटवायला बघतेय. गवताच्या गॅसचा टाकीवरचा फुगा मात्र टम्म फुगलेला. चावी फिरवली की सूं असा आवाज येतो आणि काडी धरली की काडीच विझते. तुमच्या त्या लंगड्या स्टुलावर बसून मी हे लिहितेय. सकाळपासून एक आख्खी काडेपेटी संपवली. अक्का मघाशी आतून ओरडली, "कशाला जीव काढून राहिलीस त्या काड्यांचा? सिलिंडर हाय की घरात." सिलिंडर आहे, मलाही दिसतंय. पण मला चहा करायचा नाहीये. तुम्ही खरं बोलत होता की नाही, ते मला बघायचंय.

घाईचं कारण सांगते. उमरीकडच्या त्या सुमनबाई तुम्हाला आठवत असतील. हिवाळ्यात बायांचा घोळका घेऊन आल्या होत्या आणि तुमच्या चुलीवरचा चहा पिऊन गेल्या होत्या. त्यांचा फोन आला होता. तुम्ही गेल्याचं कळल्यावर आधी रडल्या, मग म्हणाल्या, "ताई, अप्पाच्या शब्दावर आम्ही खड्डा घेतलाय. गवतबी लावलंय, कमरेएवढं आलंय. आमच्या गल्लीत शेण म्हणाल तं एक जनावर न्हाई. अप्पा म्हणले, गवतावर चालतं." अजून दोन आठवड्यांनी त्या येणार आहेत. बांधकाम सुरू करण्यापूर्वी एकदा जाळ डोळ्यांनी बघायचाय त्यांना.

आणि मला असं काही माहीत आहे, जे माझ्याशिवाय फक्त अक्काला माहीत आहे. दोन वर्षं ते मी तुमच्यापासून लपवलं. आज ते लिहून टाकणार आहे, पण पहिल्यापासून लिहिते, नाहीतर तुम्हीच म्हणाल, मास्तरीण मधूनच सुरुवात करते.

तुम्ही बाजारातलं आडत दुकान बंद करून शेतात येऊन राहिलात, तेव्हा आम्ही सगळ्यांनी चेष्टा केली होती. उभ्या जन्मात दुसऱ्याचं धान्य विकलेला माणूस, तो काय पेरणार? तुम्ही पेरलं गवत. नेपिअरच्या कांड्या कुठून तरी पोत्यात भरून आणल्या आणि विहिरीच्या अंगानं लावल्या. अक्काला वाटलं, म्हैस येणार. तिनं गोठा झाडून ठेवला. तुम्ही म्हैस आणली नाही, खड्डा खणायला घेतला. मी लातूरहून सुट्टीत आले, तर तुम्ही कमरेएवढ्या खड्ड्यात उभे. मला बघून तिथूनच विचारलंत, "मास्तरीण, गाय गवत खाती, मग शेण टाकती, मग शेणाचा गॅस होतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"मग गाय मधी कशाला पायजे?"

मी हसले होते. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "गॅस गवतात हाय. गाय नुसती मधली दलाल हाय. तिनं तिची आडत कापून घेतली अन् उरलेलं आपल्याला दिलं." आयुष्यभर आडतीवर जगलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून अक्कानं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, दाजी, गाईच्या पोटात जंतू असतात, ते काम करतात. तर तुम्ही म्हणालात, मग मी पोट बांधतो, जंतू तू आण.

तेव्हापासून त्या टाकीचं नाव पोट. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, आणि मग कडबाकुट्टीच्या यंत्राचा खडखडाट. तुम्ही गवत कापायचात ते किती कोवळं! कांडी दातानं सोलून, चावून बघायचात. गोड लागली तर कापायचं, लाकडासारखी लागली तर म्हणायचात, उशीर झाला, हे आता पोटाला पचणार न्हाई. कुट्टी एक दिवस भिजवायची, मग टाकीत ढकलायची आणि बांबूनं ढवळायची, कारण गवत वर तरंगतं आणि साय धरतं. मी विज्ञान शिकवते, पण ढवळायचं का ते तुम्ही मला शिकवलंत. पुस्तकात ते एका ओळीत होतं आणि मी ती ओळ वाचून पुढं गेले होते.

सुरुवातीला शेण लागणारच होतं, त्यावरून आपलं पहिलं भांडण. जंतू आकाशातून पडत नाहीत, असं मी चिडून म्हणाले. शेवटी शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या म्हशींचं शेण आणून कालवलं आणि टाकीत ओतलं. तुम्ही अटच घातलीत, "एकदाच. हे विरजण. दह्याला एकदा विरजण लावलं की पुढचं दही त्याच दह्यानं लागतं. रोज कुणी शेजारी वाटी घेऊन जात न्हाई."

मी म्हटलं, दही कधी कधी बिघडतं दाजी. तार येते, आंबट होतं. मग जावंच लागतं शेजारी.

"आमच्या मायचं कधी बिघडलं न्हाई."

"असं कसं होईल? तुम्हाला सांगितलं नसेल."

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! फोनवर, जेवताना, एसटी स्टँडवर. तुमच्या आईचं दही बघायला मी नव्हते आणि तुम्ही माझं एकही पुस्तक वाचलं नव्हतं, त्यामुळं दोघांनाही माघार घ्यायचं कारण नव्हतं.

मी एक गोष्ट कबूल करते. तुमचे प्रश्न माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगले असायचे. थंडीत गॅस कमी झाला की फोन, "मास्तरीण, त्या जिवांना थंडीत झोप येत आसल का?" पावसाळ्यातल्या गवताचा गॅस वेगळा का निघतो? टाकीला कान लावला तर बुडबुड ऐकू येते, ती पहाटे जास्त का असते? मी दर वेळी फटकन उत्तर द्यायचे. त्यातली निम्मी उत्तरं माझ्या अंदाजाची होती. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि शेवटी तेच म्हणायचात, "तू अजून एकदाबी 'म्हाईत न्हाई' म्हणली न्हाईस बघ. मी वाट बघून राहिलोय." मला राग यायचा. शिक्षिकेनं माहीत नाही म्हटलं तर पोरं डोक्यावर बसतात, असं मी सांगायचे. तुम्ही म्हणायचात, मी काय पोर हाय का?

मला पहिली नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी साड्या दिल्या. तुम्ही दुकानातला पितळी तराजू पुसून आणलात. म्हणालात, शाळेच्या प्रयोगशाळेला दे, आणि पोरांना सांग, ह्या काट्यासमोर उभा राहून मी कधी खोटं बोललो न्हाई. तो तराजू अजून शाळेत आहे. दोन वर्षांपासून मी त्याच्याकडं नीट बघत नाही.

आता पोळ्याचं सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा पोळा. गावात बैल किती उरलेत ते तुम्हाला माहीत आहे. ट्रॅक्टरलाच झूल घालून मिरवतात. आदल्या संध्याकाळी मी आले, तर तुम्ही हळद आणि लोणी घेऊन टाकीपाशी. बैलाची खांदेमळणी करतात तशी तुम्ही टाकीच्या कडेला हळद चोळत होता. मग हात जोडून, अगदी गंभीरपणे, बैलाच्या कानात म्हणतात तसं म्हणालात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी हसून हसून खाली बसले. तुम्ही म्हणालात, "हासू नको. वर्षभर राबून राहिलंय ते. त्याला कुणी जेवाय बोलवायचं?"

मी हसण्याऐवजी विचार करायला हवा होता. विज्ञान मला येतं, तुम्हाला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कानं पुरणपोळीचा नैवेद्य टाकीत सोडला. एकच, लहानसा. पण गल्लीतल्या बायांना बातमी लागली होती. घरोघरी पुरणाचं ताट तयार, आणि ओवाळायला बैल दाराशी येईना. मग एक आली थट्टा करत, ताट घेऊन. तिच्या मागं दुसरी. तुम्ही टाकीचं झाकण उघडं धरून उभे, डोक्याला फेटा. कुणाच्याही ताटाला नाही म्हटलं नाहीत. पुरणपोळ्या, गुळवणी, भात, भजी. मी मधे पडले, दाजी, पुरे, तर म्हणालात, "आवतण देऊन पुरे म्हणायचं असतंय व्हय?" घमेली दोन-तीन तरी गेली असतील आत.

दुसऱ्या दिवशी फुगा असा तरारला की तुम्ही मला ओढत बघायला नेलंत. चौथ्या दिवशी मी लातूरला पोचले आणि तुमचा फोन आला. गॅस लई हाय, पेटत न्हाई. आंबलेल्या पिठासारखा वास येऊन राहिलाय.

रविवारी मी शाळेतला लिटमस घेऊन आले. निळा कागद बुडवला, लालभडक झाला. तुम्हाला समजावून सांगितलं की आत दोन टोळ्या आहेत. एक टोळी गोडधोड झपाट्यानं खाऊन आम्ल करते. दुसरी टोळी हळू आहे. ती त्या आम्लातून पुढं जळणारा वायू बनवते. पहिलीनं एवढा ढीग घातला की दुसरी त्याखाली गुदमरली. तुम्ही विचारलंत, "म्हणजे माझ्या हातानं?" मी म्हटलं, अपचन झालंय, लंघन करू. कुट्टी बंद, चुन्याची निवळी घालायची, वाट बघायची.

तर तुम्हीपण जेवण सोडलंत. "त्याला उपाशी ठिवून मी कसा जेवू?" अक्का चिडली, मी चिडले, तुम्ही चहावर राहिलात. पानाच्या डबीतला चुनासुद्धा टाकीत घातलात. दोन रविवार गेले. लिटमस लालच. तुमचे गाल बसले. त्यात गावातले लोक विचारू लागले, काय अप्पा, गवतानं दगा दिला का? म्हशीशिवाय भागत न्हाई म्हणा की. तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि ते मला बघवलं नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी तुम्ही देवळात गेला होता. अक्का म्हणाली, "चल." एवढंच. दोघी लक्ष्मीबाईंच्या गोठ्यात गेलो, दोन बादल्या ताजं शेण आणलं, कालवलं, टाकीत ओतलं आणि बादल्या धुऊन ठेवल्या. तुम्ही आलात तेव्हा आम्ही शेंगा फोडत बसलो होतो.

दहाएक दिवसांनी सकाळीच फोन. तुमचा आवाज फुटत होता. "पेटलं गं! निळा जाळ! नुसत्या लंघनावर! शेणाचा थेंब न्हाई!" मी म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं? आणि फोन ठेवल्यावर मी रडले. त्यात आनंद किती आणि लाज किती, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

सांगायचं होतं दाजी. खूपदा. माहूरला गेलो होतो ना आपण तिघं, मागच्या थंडीत? गडाच्या पायऱ्यांवर तुम्हाला धाप लागली आणि तुम्ही नारळवाल्याच्या फळीवर टेकलात. अक्का पुढं गेली होती. मी म्हटलं, दाजी, एक सांगायचं होतं. तुम्ही हात वर केलात. "आता दम न्हाई. खाली उतरल्यावर सांग." खाली उतरल्यावर उसाच्या रसाचा ग्लास माझ्या हातात देऊन तुम्हीच विचारलंत, "काय सांगणार होतीस?" मी म्हणाले, काही नाही. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात, मग रसवाल्याला विचारायला लागलात की पिळलेल्या उसाच्या चोयट्या कुठं टाकतो म्हणून.

त्या धापेकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. ते मी केलं नाही, कारण मी माझ्याच खोटेपणाचा विचार करत होते.

तुम्ही गवत कापताना गेलात. विळा हातात, पेंढी अर्धी बांधलेली. बांधावरच समाधीच्या खड्ड्यात तुम्हाला बसवलं. स्वामींनी सांगितल्या दिशेला तोंड केलं आणि त्या दिशेला टाकी नाही, हे माझ्या मनात तेव्हा, त्या क्षणी आलं. मला वाटलं, कुणाला तरी सांगावं की जरा वळवा. विभूती, बेल, माती, सगळं होऊन गेलं आणि मी तशीच उभी होते.

मग घर माणसांनी भरलं. आपल्या घरी चूल पेटवायची नव्हती, म्हणून गल्लीतून, पाहुण्यांकडून डबे येत होते. भात, पिठलं, शिरा. एवढं कोण खाणार? मी अक्काजवळ आत बसून होते. सहा दिवस बाहेर काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. उरलेलं सगळं लोक टाकीत घालत होते. कुणीतरी म्हणालं म्हणे, "अप्पाचा लई जीव होता त्याच्यावर. ते उपाशी कशाला ऱ्हावं?" सगळ्यांनी प्रेमानं घातलं. अगदी पोळ्यासारखंच.

म्हणून ही चूल बंद आहे. लंघन चालू आहे, निवळी चालू आहे, लिटमस लाल आहे. अक्का रोज म्हणते, दोन बादल्या आण, विषय संपव. मी नाही म्हणतेय. यावेळी शेण न घालता हे पोट सुधारलं तर तुम्ही खरे. नाही सुधारलं, तर त्या बायांना मी काय तोंड दाखवू?

*

इथपर्यंत लिहून वही मिटली होती. त्याला दोन आठवडे होतील.

आधी माझी हार सांगते. लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बादल्या उचलल्या. मोठ्या तोंडानं नाही नाही म्हणणारी मी, दुपारची वेळ साधून, अक्कालाही न सांगता लक्ष्मीबाईंच्या गोठ्यात गेले. मनात म्हटलं, दाजींचा शब्द पडू द्यायचा नाही, बाकी मग बघू. म्हणजे पुन्हा तेच.

लक्ष्मीबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. माझ्या हातातल्या बादल्या बघून म्हणाल्या, "शेण कशाला नेता? तुमचं टिपाड हाय की हितं."

"कसलं टिपाड?"

"अप्पाचं. निळं. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

कडुलिंबाखाली, पोतं झाकून, निळं प्लास्टिकचं टिपाड होतं. पोतं काढलं तर आत टाकीतला काला. आंबट वास नाही, ओल्या मातीसारखा. पदराच्या गाठीत लिटमस होताच. बुडवला. निळा तो निळाच राहिला.

लक्ष्मीबाई सांगत होत्या, "दर आवसेला यायचे. दोन बादल्या काढायचे, टाकीतल्या दोन नव्या घालायचे, मूठभर गवताचा भुगा टाकायचे. काढलेलं मी वांग्याला घालते. वांगी बघा की कशी आलीत."

"कधीपासून?"

"त्या पोळ्याच्या वक्ताला तुम्ही अन् अक्का दुपारच्या बादल्या घेऊन गेल्ता न्हाई का, त्याच्या म्होरल्या आवसेपासून."

मी बादल्या खाली ठेवल्या. "त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच. मला काय म्हाईत तुम्ही चोरून नेलं म्हणून? दुसऱ्या दिशी अप्पा दिसले तं इचारलं, शेण पुरलं का आणखी पायजे? हासले. म्हणले, पुरलं."

दाजी, पुरलं म्हणालात!

मी त्या गोठ्यात बादली पालथी घालून बसले. लक्ष्मीबाईंना वाटलं मी तुमच्या आठवणीनं रडतेय. मी चिडले होते, खरंच सांगते. दोन वर्षं तुम्ही मला माहूरच्या पायऱ्यांवर, फोनवर, ताटावर तळमळताना बघितलंत आणि मजेत राहिलात? "शेणाचा थेंब न्हाई" म्हणून ओरडलात, ते माहीत असून? काट्यासमोर उभं राहून?

मग लक्ष्मीबाई पुढचं बोलल्या. "म्हणले, माझी माय तिच्या विरजणाची वाटी शेजारी ठिवायची. आपलं बिघडलं तं आपलंच परत आणायचं. मी इसरलो होतो. म्हशीवर किती दिस इसंबून ऱ्हावं?" आणि जाता जाता सांगितलं होतं म्हणे, "मास्तरीण इचारील तं दाखवा. न्हाई इचारलं तं ऱ्हाऊ द्या."

म्हणजे तुमच्या आईचंही दही बिघडत होतं. एवढी वर्षं भांडलात माझ्याशी!

आणि मला आठवलं. त्या पोळ्यानंतर तुम्ही पाहुण्यांना काय सांगायचात? "सध्या गवतावर चालून राह्यलंय." सध्या. मला वाटायचं, म्हातारपणी नम्रता आली. मी चोरी केली आणि तुम्ही तिच्यातून काम काढलंत. तोंडानं एक शब्द बोलला असतात तर मी मोकळी झाले असते, ही तक्रार मात्र माझी राहील. ती मी मागं घेणार नाही.

टाकीतला बराच आंबट काला उपसून काढला, टिपाडातलं निम्मं विरजण ओतलं, निम्मं ठेवलं. पहिले दोन दिवस कुट्टी नाही. मग ओंजळभर, मग दोन ओंजळी, कांडी दातानं चावून बघून. नवव्या दिवशी काडी विझली नाही. जाळ आधी पिवळट, भित्रा. अक्कानं त्याच्यावर कपभर पाणी ठेवलं आणि उकळेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो, एकमेकींकडं न बघता. चहा तुमच्या फुलाफुलांच्या कपात ओतून बांधावर नेऊन ठेवला. मी अशा गोष्टी मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

काल सुमनबाई आल्या, सहा बाया आणि दोन कळशा घेऊन. एसटीला उशीर झाला, पोचेपर्यंत दिवेलागण झाली. जाळ बघून खूश झाल्या आणि लगेच कळशा पुढं केल्या. "अप्पा म्हणले होते, पेटलं की विरजण घिऊन जा." अक्का म्हणाली, दिवेलागणीला विरजण घराबाहेर देत नसतात, आज मुक्काम करा. माझी अक्का, जी त्या टाकीला एवढी वर्षं सवत म्हणत होती! बाया ओसरीवर राहिल्या.

आज सकाळी कळशा भरायच्या आधी मी त्यांना सांगायला बसले. भाषण पाठ केलं होतं. पण सुमनबाईंनीच तोंड उघडलं. "ताई, एक इचारायचं हाय. आम्ही त्या टायमाला अप्पाला म्हणलं, शेण अजाबात लागत न्हाई न? तं म्हणले, चालतं गवतावर, पण शेणाचं काय ते माझ्या मेहुणीला इचारा. मास्तरीण हाय, तिला सगळं म्हाईत हाय. ती खरं सांगील."

मी अक्काकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मग सगळं सांगितलं. पहिलं विरजण शेणाचं. पोळ्याची पुरणपोळी. दुपारच्या दोन बादल्या, कुणी आणल्या आणि कशा लपवल्या. तुमचं टिपाड. भाताचं अपचन, आणि यावेळी शेणाशिवाय आलेला जाळ. हेही सांगितलं की टिपाडातलं विरजण त्या दोन बादल्यांनंतरचं आहे, म्हणजे माझ्या बादल्या त्याच्यात आहेतच. दाजी, मग जिंकलं कोण, ते तुम्हीच सांगा. मी तर अजून करून बघतेच आहे. टिपाड पुन्हा भरून लक्ष्मीबाईंकडं नेऊन ठेवलंय, पुढच्या अमावस्येला माझी पाळी.

सुमनबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. तुमच्यासारखंच, मधे न बोलता. मग विचारलं, "म्हणजे बगा ताई, आम्ही हे विरजण नेलं, नुसतं गवत घातलं, टिपाडबी ठिवलं. तं पुन्हा कधी शेण लागल का न्हाई?"

सहा बाया माझ्याकडं बघत होत्या. उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं, नेहमीसारखं, फटकन.

"माहीत नाही," मी म्हणाले. "करून बघा, आणि मला कळवा."

कुणी माझ्या डोक्यावर बसलं नाही. सुमनबाईंनी मान हलवली आणि कळशी पुढं सरकवली. इतकी वर्षं ज्याची तुम्ही वाट बघत होता ते मी बोलले, दाजी, आणि ऐकायला तुम्ही नव्हता.